टपालाचं बिऱ्हाड

वनस्पतिशास्त्र विभागाच्या तळघरात, तार्तूमध्ये,
एक सर्व्हर एकोणीस वर्षं घुरघुरत होता.
त्याचं नाव कारू. आमच्या भाषेत अस्वल.
हिवाळ्यात त्याच्या पाठीवर आम्ही हातमोजे वाळवायचो.

मग वरून पत्र आलं:
मार्चअखेर सगळ्यांचं टपाल ढगात.
ढग म्हणजे नेमका कुठे, मी विचारलं.
कुणी म्हणालं फिनलंड, कुणी आयर्लंड.
हिशेबनीस म्हणाला, जिथून बिल येतं तो ढग.

खाती शेहेचाळीस, मी एकटी.
पाच पानी सूचनापत्र काखेत मारून
खोलीखोलीत नव्या घराच्या किल्ल्या वाटत हिंडले.
जुना पासवर्ड. नवा पासवर्ड.
नव्यात एक मोठं अक्षर हवं, एक अंक, एक खूण,
नवऱ्याचं नाव नको, कुत्र्याचं तर नकोच.
"मग लक्षात राहणार काय?"
शेवाळवाली मार्यू म्हणाली,
आणि कागदाच्या कपटयावर लिहून कपटा
कुंडीखाली सरकवला, माझ्यादेखत.

मला पत्रं दिसत नाहीत, हे आधीच सांगते.
मला दिसतात वजनं आणि तारखा,
पोस्टमनला पाकिटं दिसतात तेवढंच.

तर यादीत सव्विसावी, हेल्वे कूस्क.
दगडफुलांची जाणकार. चार वर्षांपूर्वी गेली.
नावापुढच्या रकान्यात: निष्क्रिय.
निष्क्रिय खाती न्यायची नाहीत, असा नियम.
पण गेल्या रविवारी तिला एक पत्र आलं होतं.
त्याआधीच्या रविवारीही.
मागे मागे जात राहिले. एकही रविवार कोरा नाही,
सकाळी नऊ ते साडेनऊ, दोन-तीन केबी.
तीन केबीत काय मावतं?
हवामान मावतं. गुडघा मावतो.
पाठवणारा आमच्याच मजल्यावरचा, खोली तीनशे चौदा.

एंडेल राउक निवृत्त झाले तरी येतात,
दलदलीचे नकाशे टेबलावर पसरून बसतात.
फोन त्यांचा बटणांचा.
सहा आकडे येतील, म्हटलं, लगेच टाका, शिळे होतात.
पहिल्यांदा चष्मा सापडेना.
दुसऱ्यांदा ते आकडे मोठ्याने वाचत बसले,
नमुन्याच्या डबीवरचा क्रमांक वाचावा तसे, सावकाश,
आणि घोडं तिथेच अडलं.
तिसऱ्यांदा मी टाकले.
मग खिडकीकडे बघत,
नदीवरचा बर्फ तडकायला लागला होता,
त्यांनी विचारलं,
"जुने पत्ते सगळे येतात ना बरोबर?"
"कुठले?"
मी विचारायला नको होतं.
"असेच," ते म्हणाले.

पत्ता मेला की पत्र उलट्या पावली येतं,
अर्ध्या मिनिटात, इंग्रजीत:
या नावाचं इथे कोणी नाही.
चार वर्षं मजल्यावर जे कोणी बोललं नव्हतं
ते एका यंत्राने बोलून टाकलं असतं.

त्या संध्याकाळी मी उशिरापर्यंत थांबले.
सामायिक पेटी नावाचा एक प्रकार असतो.
विभागाच्या नावावर चालते, फुकट,
फक्त कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: दगडफुलांच्या संग्रहाचा पत्रव्यवहार.
अगदीच खोटं नाही.
जबाबदार व्यक्ती? रकाना रिकामा चालत नाही.
माझं नाव टाकलं,
आणि कानाला खडा लावला: उघडायची नाही.

एकतीस मार्चला कारूला बंद केलं.
घुरघुर थांबल्यावर कळलं ती केवढी होती.
हातमोजे आता खुर्चीच्या पाठीवर,
सकाळपर्यंत ओलेच.

सोमवारी तीनशे चौदातून तक्रार आली:
सहीखाली नाव दोनदा उमटतं, अक्षरं मुंगीएवढी.
वर गेले. एक नाव पुसलं, अक्षरं वाढवली.
दारात थांबून विचारलं,
"बाकी पोचतंय ना सगळं?"
"पोचत असावं," ते म्हणाले.
"परत तर काही आलं नाही."